चिंचोक्यांचं वेळापत्रक

आमच्या बोरिवलीच्या शाळेत मी पहिली दोन वर्षं शेंगदाणा होते. हसू नका, खरंच होते. त्यातही सोललेला. सालासकटचा शेंगदाणा म्हणजे हिंदीचे मास्तर, तेही माझ्यासारखेच टेंपररी. नोकरी कायम झाली की माणसाला दुसरं एखादं बी मिळायचं. संस्कृतचे शास्त्रीबुवा रुद्राक्ष होते, ड्रिलचे मास्तर सागरगोटा होते, चित्रकलेच्या बाई बिट्टी. हे ठरवायचे आमचे गणिताचे सर. शाळा निघाली तेव्हापासून तिचं वेळापत्रक तेच करत आले होते, आणि ते कागदावर नाही, हॉलच्या फरशीवर करायचे.

मे महिन्यात शाळेकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही, तेव्हा सर यायचे. उंच, वाळलेले, धोतर, लांब काळा कोट, आणि पाऊस असो नसो, काखेत छत्री. कोट खुंटीला लावायचे, खडूनं फरशीभर चौकटी आखायचे, उभे वर्ग, आडवे तास. मग बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडायचा. त्यात प्रत्येक शिक्षकाच्या बिया मूठमूठभर. स्वतःसाठी त्यांनी चिंचोके ठेवले होते. मुलं त्यांना चिंचोके सर म्हणायची, ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. खिडक्या बंद करून घ्यायचे, कारण एकदा वाऱ्यानं पडदा उडाला आणि अख्खी सातवी आठवीत मिसळली.

मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच थबकले. पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र घ्यायला आले होते. आत हा उघडाबंब गृहस्थ उकिडवा बसून बियांशी बोलतोय. "तू शहाणा आहेस रे, पण सकाळी सकाळी नको, जेवणानंतर ये." सागरगोटा उचलून खाली ठेवला. "शास्त्रीबुवा, तुम्ही आत या. बाई, जरा सरका, त्यांना आत येऊ द्या." मनात म्हटलं, झालं, ह्या शाळेची तर वाट लागलेली दिसते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि एक शेंगदाणा दाखवून म्हणाले, "ह्या तुम्ही. बसा."

बसले. करते काय?

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. मनगटावर घड्याळ, पण बघायचे कधीच नाहीत. बंद होतं ते. चालू का करत नाही विचारलं तर म्हणायचे, "शाळेत टोल आहे की. दोघांचं पटलं नाही तर मी कुणाचं ऐकू?" चहाचा कप स्वतःचा, कान तुटलेला, कोटाच्या खिशात. दुपारी स्टाफरूममध्ये कुणी खारे दाणे आणले की सगळे तोंडात टाकायचे, सर मात्र मूठभर उचलून सरळ खिशात सोडायचे. "टेंपररी स्टॉक," म्हणायचे. आम्ही हसायचो.

आणि कारण कधी सांगायचे नाहीत. वेळापत्रकात एखादी गोष्ट अशी का, विचारा. एकच उत्तर: "कारणाला वारा लागला की ते नासतं." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की अजून दूध तापवताना मला आठवतं.

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी नोकरीला लागले ती हौसेनं नव्हे. आमच्या ह्यांना क्षय झाला होता आणि ते शिवडीच्या इस्पितळात होते. हे मी शाळेत कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत क्षय म्हटलं की लोक पेला वेगळा ठेवायचे. मालाडला आमच्या घरमालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर, आणि शाळेत कळलं असतं तर पालकांनी मला वर्गात उभं राहू दिलं नसतं. म्हणून मी सांगून ठेवलं होतं, हे नागपूरला असतात, कामानिमित्त. एक खोटं बोललं की त्याला पुढं दहा लागतात. नागपूरची संत्री खाल्लीत का विचारलं तरी मी विषय बदलायची.

भेटायला रविवारी आणि बुधवारी सोडायचे. रविवारी सासूबाई, दीर, नणंद, सगळी वऱ्हाडासारखी निघायची. मी पदर सांभाळत मागे उभी. नवऱ्याशी बोलणार काय, डोंबल? बुधवार तेवढा माझा. पण दिवाळीनंतर लागले त्या वर्षी बुधवारी शेवटच्या तासापर्यंत वर्ग होते. टोल पडला की पिशवी घेऊन मी जी पळत सुटायची, ती शिवडीला पोचेपर्यंत बहुतेक वेळा दार लागलेलं असायचं. मग रस्त्यावरून वर बघायचं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हे उभे असायचे. मी मोसंब्यांची पिशवी उंच करून दाखवायची, रखवालदाराकडे द्यायची आणि परत फिरायची.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. बघते तर काय, बुधवारचे माझे शेवटचे दोन्ही तास मोकळे! आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. टेंपररी बाईला कमी काम दिसलं की पहिली गदा तिच्यावरच. तेव्हा गेले सरांकडे.

"सर, काहीतरी चुकलंय. बुधवारी मला शेवटचे दोन तासच नाहीत."

"चुकलंय तर." छत्रीची मूठ चोळत ते म्हणाले, "तुमचे ते दोन दाणे मी खाल्ले."

"खाल्ले?"

"बसल्या बसल्या हात गेला हो, बाई. भूक लागली होती. मग जागा रिकामी दिसली, तिथं माझे चिंचोके टाकले. आता एक हलवलं की सगळं हलतं. राहू द्या तसंच."

मी स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर हसून हसून ड्रिल मास्तरांना ठसका लागला. पुढं कितीतरी दिवस मला सगळे 'खाल्लेल्या बाई' म्हणत होते. म्हणू देत, मला काय! बुधवारी चार वाजले की मी निघायची आणि दार लागायच्या आधी आत असायची. अर्धा तास मिळायचा. हे पलंगावर बसून मोसंबी सोलायचे, अर्धी मला द्यायचे, मी नको म्हटलं तरी. बाकी बोलायचो काय, काहीच नाही. दुधाचा भाव, घरातला नळ, आमच्या मुलानं टाकलेलं पहिलं पाऊल. पण त्या अर्ध्या तासावर माझा आठवडा निघायचा, आणि मला वाटतं ह्यांचाही. देवाला नमस्कार करताना मी म्हणायची, बाबा रे, त्या म्हाताऱ्याला भूक लागू दिलीस, बरं झालं.

मी कायम झाले त्या मेमध्ये सरांनी माझ्या हातावर गुंजा ठेवल्या. लाल, डोळ्याला काळा ठिपका. "आता तुम्ही ह्या. खाता येत नाही, विषारी असते," म्हणाले. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. तरी जाता जाता वेळापत्रक मांडून गेले. ते वर्ष सुरळीत गेलं. निरोपाला सगळ्यांनी भाषणं केली, हार घातले. डबा काखेत मारून ते निघाले आणि डब्यात काय चाललंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या मेमध्ये नव्या हेडमास्तरांनी वेळापत्रक केलं. हे गृहस्थ तरुण, हुशार, आणि मनानं चांगले, उगाच त्यांना नावं ठेवणार नाही. मोठा तक्ता, रंगीत पेन्सिली, प्रत्येकाला सारखे तास, सकाळी डोकं ताजं असतं म्हणून अवघड विषय आधी. बघणारा वा वा म्हणेल असं.

आणि आठवड्याभरात शाळा कण्हायला लागली. आठवी ब ला पहिला तास गणिताचा आला. त्या वर्गात खाडीपलीकडच्या गोराईची मुलं सगळी. ओहोटी असली की होडी धक्क्याला लागत नाही, पोरं गुडघाभर चिखलातून येतात, पाय धुतात, तोवर पहिला तास अर्धा संपलेला. पूर्वी तिथं चित्रकला असायची, कुणाचं काही अडत नव्हतं. आता ती पोरं रोज वर्गाबाहेर उभी. शास्त्रीबुवांना मैदानाकडची खोली आली. बाहेर ड्रिल मास्तर शिटी फुंकतायत, आत मुलं काहीही विचारतायत आणि शास्त्रीबुवा भलतंच उत्तर देतायत. मुलं फिदीफिदी हसायची. एकदा तर ते डोळे पुसत बाहेर आले. कुणाला काही कळेना, आजवर असं कधी झालं नव्हतं.

माझा बुधवार गेला. शेवटचे दोन तास, दहावीचा भूगोल. मागायचा तर कुठल्या तोंडानं? कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की नोकरी गेली. नोकरी गेली की ह्यांचं दूध, फळं, औषध, सगळंच गेलं. दहावीला वारे शिकवताना नजर खिडकीबाहेर. पहिल्या बुधवारनंतरच्या रविवारी गेले, तर सासूबाई बाहेर नर्सशी बोलत होत्या तेवढ्यात हे म्हणाले, "बुधवारी खिडकीशी बसलो होतो गं. उगाच." त्यांचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं त्या महिन्यात. मी घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडले, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

हेडमास्तरांचे डोळे शाबूत होते, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी एक दिवस आम्हाला गोळा करून सरळच विचारलं, "जुनं वेळापत्रक मी पाहिलं. मला ते विस्कळीत वाटलं म्हणून बदललं. त्यात काय होतं, कुणाला ठाऊक आहे का?" इतकी माणसं, एकालाही पत्ता नाही. प्रत्येकाला फक्त आपलं दुखणं ठाऊक.

"बाई, तुम्ही मालाडच्या ना? सर वाकोल्याला राहतात. वाटेवरच की," ते मला म्हणाले. हो, वाटेवर! मालाड कुठं, वाकोला कुठं. "एकदा जाऊन या. कशाचं काय कारण, सगळं लिहून आणा. माणूस गेला की शाळा अडते, हे बरं नाही."

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून मी स्टेशनवर शेंगदाण्याची चिक्की घेतली. म्हटलं, दाण्यांचा शौक आहे म्हाताऱ्याला.

वाकोल्याला एका चाळीत खालच्या खोलीत सर आणि त्यांची थोरली बहीण राहायची. दोघंच. बहीण कोकणातली, डोक्यावर पदर, तोंडाचा पट्टा चालू. सर खाटेवर होते, पार खंगलेले. मला बघून उठून बसले, कोट मागितला, घातला आणि मग म्हणाले, "या."

मी चिक्की बहिणीच्या हातात दिली. तिनं पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला. "अगो, दाणे कशाला आणलंस त्याच्यासाठी! लहानपणापासून एक दाणा पोटात गेला तरी अंगभर गांधी उठतात ह्याच्या. घसा सुजतो. दाण्याच्या आमटीचा डाव ह्याच्या पानाला लागला तरी मला ओरडायचा. साठी उलटली, आजवर एक दाणा खाल्ला नाही त्यानं."

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघायला लागले.

डोळ्यांसमोर ते सगळे बुधवार आले, एकामागून एक, ती अर्धी अर्धी मोसंबी. शेवटी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बुधवारी तुमच्या पिशवीत मोसंबी असायची," ते म्हणाले. "शाळेत कोण आणतं मोसंबी? आणि नवरा नागपूरला असलेली बाई टोल पडल्यावर पळत नाही. माझा धाकटा भाऊ होता शिवडीला. भेटीच्या वेळा मला पाठ आहेत." मग म्हणाले, "तो आला नाही परत. तुमचे येतील."

मी रडले. त्यांच्या समोर, त्यांच्या बहिणीसमोर, चांगली हुंदके देऊन रडले. बहिणीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चिक्कीची पुडी घेऊन शेजारणीकडे गेली.

"मग सांगितलं का नाहीत? खाल्ले म्हणून काय सांगितलंत!"

"मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळलं असतं, तर रोज माझ्यासमोर मान खाली घातली असतीत. त्यापेक्षा हसलेलं बरं."

मग त्यांनी डबा मागितला. मी पिशवीतून कागद काढला, तसे ते म्हणाले, "तो आत ठेवा. लिहिलं की फाइलीत जातं, फाइल कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकुनाची बायको साऱ्या बोरिवलीत हळदीकुंकू करत हिंडते. ऐका, आणि डोक्यात ठेवा."

फरशीवर चौकटी मी आखल्या, त्यांना वाकवत नव्हतं. ते खाटेवरून सांगत गेले, मी बिया ठेवत गेले. रुद्राक्ष मैदानापासून लांब, कारण शास्त्रीबुवांना एका कानानं ऐकू येत नाही आणि ते कुणाला कळलेलं त्यांना चालणार नाही. बिट्टी आठवी ब च्या पहिल्या तासाला, भरती-ओहोटीपायी. सागरगोटा सकाळी मोकळा, कारण ड्रिल मास्तर, एवढा दणकट गडी, घरी अंथरुणावरच्या आईची वेणीफणी करून येतो आणि सांगतो की उशिरा उठलो. मी ऐकत होते आणि रोज ज्यांच्याबरोबर चहा पीत होते ती माणसं मला पहिल्यांदा दिसत होती. गायनाच्या बाईंचं बी उचलून ते म्हणाले, "हिला सोमवारी पहिला तास देऊ नका."

"का?"

"ते मला माहीत नाही. सोमवारी सकाळी तिचा चेहरा बघवत नाही, एवढंच माहीत आहे."

बुधवारच्या शेवटच्या दोन चौकटी राहिल्या. माझ्या हातात गुंजा होत्या. सर म्हणाले, "तिथं माझे चिंचोके असायचे. आता मी नाही. बघा कोण सापडतं." डब्यात हेडमास्तरांच्या नावाच्या दोन कवड्या होत्या, त्या मी तिथं ठेवल्या. सर इतके हसले की खोकला आला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर मी नुसतं वेळापत्रक कागदावर उतरवून ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. "आणि कारणं?"

"कारणं सांगता येत नाहीत, सर."

"म्हणजे उद्या तुम्ही गेलात की पुन्हा हेच! ही काय पद्धत झाली, बाई?" चिडले ते, आणि चिडणं रास्त होतं. मला त्यांचं आजही पटतं. एखाद्याच्या डोक्यात शाळा ठेवायची म्हणजे वाऱ्यावर दिवा ठेवून झोपण्यासारखंच. पण शास्त्रीबुवांचा कान मी कागदावर कसा उतरवू? त्यांनी बुधवारच्या चौकटीत स्वतःचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. माझे डोळे सुजलेले असणार. ते इतकंच म्हणाले, "ठीक आहे. दहावीचा भूगोल मी घेतो बुधवारी. पण शाळा सोडायच्या आधी हे सगळं कुणाला तरी सांगून जा, एवढं वचन द्या." मी दिलं.

ह्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बुधवारच होता. मी आत होते, दार लागेपर्यंत. पुढच्या वर्षी हे घरी आले. छातीची एक बाजू कायमची बसली, जिना चढताना थांबावं लागायचं, पण आले. सरांना सांगायला वाकोल्याला गेले, तर खाट उभी करून ठेवलेली. बहीण म्हणाली, "पंधरवडा झाला गो." तिनं डबा माझ्यासाठी ठेवला होता. मला त्यांना एकदा सांगायचं होतं, तुम्ही म्हणालात तसं झालं म्हणून. ते राहिलं.

आता मे महिन्यात हॉलच्या खिडक्या मी बंद करते. माझी गुंज बुधवारी शेवटच्या तासाला असते. सोमवारी पहिल्या तासाला गायनाच्या बाई नसतात. का, ते मलाही कळलेलं नाही आणि मी विचारलंही नाही.

यंदा एक नवी मुलगी लागली आहे, टेंपररी, विज्ञान शिकवायला. हसरी आहे, स्टाफरूममध्ये सगळ्यांची नक्कल करते. शुक्रवारी मात्र दुपारपासून तिचं लक्ष टोलाकडे असतं आणि जेवणाचा डबा उघडलेला नसतो. नवं वेळापत्रक लागलं तशी ती घाबरीघुबरी होऊन माझ्याकडे आली.

"बाई, काहीतरी चुकलंय. शुक्रवारी दुपारनंतर मला तासच नाहीत."

"अगं, काय सांगू तुला," मी म्हटलं, "भूक लागली होती. बसल्या बसल्या तुझे दाणे मी खाल्ले."